वसंतातला आठवडा आणि सातव्या दिवसाचा भरवसा

श्रोतेहो, नमस्कार.

वसंतात आठवड्याचा हवामान अंदाज सांगायला बसलं की मला सगळ्यांत जास्त काळजी सातव्या दिवसाची वाटते. त्या दिवशी काय होईल याची नव्हे, तुम्ही तो कसा ऐकाल याची. उद्याचा अंदाज आणि सातव्या दिवसाचा अंदाज मी एकाच आवाजात सांगतो, एकाच ठामपणे. पण दोन्हींवर सारखाच भरवसा ठेवायचा नसतो, आणि हे मी एरवी वेळेअभावी सांगत नाही. आज सांगतो.

१८६१ साली रॉबर्ट फिट्झरॉय यांनी लंडनच्या वृत्तपत्रात हवामानाचे अंदाज द्यायला सुरुवात केली, तेव्हा ते पुढच्या दोनच दिवसांचे असत. याला भविष्यवाणी म्हणू नका, हा गणिताने काढलेला कौल आहे, असा त्यांचा आग्रह होता. आज आपण सात दिवसांचं, दहा दिवसांचं सांगतो. उपग्रह आले, संगणक आले, आणि गेल्या काही दशकांत दर दहा वर्षांना भरवशाची मुदत साधारण एका दिवसाने वाढली. ही फार मोठी कमाई आहे. पण तिलाही मर्यादा आहे.

ती मर्यादा १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाला अचानक दिसली. संगणकावरचं एक गणित त्यांनी मधूनच पुन्हा सुरू केलं, आणि ०.५०६१२७ या आकड्याऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला. थोडा वेळ जुनं आणि नवं उत्तर जोडीने चाललं. मग दोघांच्या वाटा फुटल्या त्या फुटल्याच. हवेचं मोजमाप आपण कितीही बारकाईने केलं तरी शेवटच्या दशांशापर्यंत कधीच पोचत नाही. ती राहिलेली कसर दिवसागणिक फुगत जाते.

म्हणून आता एकच गणित करून भागत नाही. युरोपातल्या मध्यम मुदतीच्या अंदाज केंद्रात सुरुवातीच्या नोंदी किंचित हलवून तेच गणित ५१ वेळा करतात. ५१ पैकी पन्नास उत्तरं पाऊस म्हणत असतील तर मी निर्धास्तपणे सांगतो. वीसच म्हणत असतील तर ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ असं काहीसं तुमच्या कानावर येतं. याचा अर्थ दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस, असा नाही. असे दहा दिवस आले तर त्यांतल्या चार दिवशी तुमच्या ठिकाणी पाऊस होईल, सहा दिवस कोरडे जातील.

वसंतात ही ओढाताण जास्त, कारण जमीन आणि आभाळ वेगवेगळ्या ऋतूंत असतात. ऊन तापू लागलेलं, पण पाच-सहा किलोमीटर वर अजून हिवाळ्याची थंड हवा. दुपारी तापलेली हवा वर झेपावते, जोडीला बाष्प मिळालं की तास-दोन तासांत ढगांचे मनोरे उभे राहतात. सकाळी स्वच्छ आभाळ, आणि चारच्या सुमारास माथा ऐरणीसारखा पसरलेला काळा ढग. त्याच्या पोटात पाण्याचे थेंब वर ढकलले जातात, गोठतात, थरावर थर चढतात. मोठी गार मधोमध फोडून पाहा, आत पांढरी आणि पारदर्शक वलयं दिसतात. असा ढग जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो. तो या भागात होईल हे दोन दिवस आधी सांगता येतं. नेमका कुणाच्या डोक्यावर होईल, हे रडारवर तो दिसेपर्यंत सांगता येत नाही. म्हणून आम्ही ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतो. ते शब्द अंग चोरण्यासाठी नसतात.

थंडीचंही तसंच. एका वसंतातल्या पहाटे मी तापमापीत ३ अंश पाहिले आणि बाहेर पडलो, तर पायाखालचं गवत पांढरं, चुरचुर वाजणारं. तापमापी जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली ऊब आभाळात सोडते आणि गवताशी पारा काही अंश आणखी खाली जातो. तेव्हा मी ‘किमान ३ अंश, आकाश निरभ्र, वारा मंद’ असं सांगितलं, तर कोवळी रोपं संध्याकाळीच झाकून ठेवा. आभाळ भरलेलं राहणार असेल तर तोच आकडा तितका घातक नसतो.

एवढंच करा. पहिल्या तीन दिवसांच्या अंदाजावर कामं ठरवा. चौथ्या-पाचव्या दिवसासाठी दुसरी सोय मनात ठेवा. सहाव्या-सातव्या दिवसाचं फक्त लक्षात ठेवा आणि उद्या पुन्हा ऐका. सलग दोन-तीन दिवस तेच ऐकू आलं, तर भरवसा वाढवायला हरकत नाही.

आणि वीज चमकली तर सेकंद मोजा. आवाज यायला ३ सेकंद लागले तर वीज साधारण एक किलोमीटरवर आहे. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर लगेच पक्क्या घरात जा, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. पाऊस थांबल्यावरही वीज पडते, आणि घाई करणारी माणसं तेव्हाच सापडतात.

आता ऐकूया ताज्या नोंदींवरून काढलेला पुढच्या सात दिवसांचा अंदाज.