ऑर्डर अकरा महिन्यांची

मंडळी, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: आरोग्य कर्मचाऱ्यांची संस्थेशी बांधिलकी. मी पुण्यातल्या जनता वसाहतीच्या चढावरून सुरुवात करतो.

लसीकरणाचा दिवस. खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर, म्हणजे लस थंड ठेवायचा डबा, आत चार आइसपॅक. सिस्टर गोवर-रुबेलाची कुपी फोडतात, द्रावण मिसळतात आणि कुपीवर पेनानं वेळ लिहितात. चार तासांनंतर उरलेली लस टाकून द्यायची. लिहिली नाही तरी त्या क्षणी बघायला कोण येणार आहे? तरी लिहितात. आता सांगा, ही बांधिलकी कुणाशी? समोरच्या पोराशी. संस्थेशी आहेच असं नाही, आणि आपले साहेब लोक नेमकी इथंच गल्लत करतात.

मेयर आणि अ‍ॅलन या मानसशास्त्रज्ञांनी 1991मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार मांडले. माझ्या भाषेत सांगतो. जीव जडलाय म्हणून राहणं, सोडून परवडत नाही म्हणून राहणं आणि सोडणं बरं दिसत नाही म्हणून राहणं. मस्टरवर तिघांची सही सारखीच. फरक कळतो तो साथीत. 2009चा स्वाइन फ्लू, 2020चा कोरोना, 2025चा सिंहगड रस्त्याकडचा जीबीएस, म्हणजे हातापायातली ताकद घालवणारा नसांचा आजार. पुणेकरांना वेगळं सांगायला नको, दारोदार कोण फिरलं ते.

मग जीव जडतो कशानं? पगार हवाच, तोही वेळेवर. अकरा महिन्यांची कंत्राटी ऑर्डर हातात देऊन ‘संस्था आपली समजा’ म्हणायचं, हे मला तरी जमलेलं नाही. आशा सेविकांचं बघा. 2005पासून काम करतायत, पण कागदावर स्वयंसेविका, आणि मिळतो तो मोबदला. शब्दच सांगतो की घर तुमचं नाही.

पण पैशापलीकडचंही एक आहे. मी नोकरीत असतानाची गोष्ट. डासांच्या अळ्या शोधायला गेलेल्या आमच्या एका कंत्राटी मुलीला कुत्रं चावलं. ऑफिसचा पहिला प्रश्न काय? ‘दोन वाजता तू त्या गल्लीत काय करत होतीस?’ (ऑफिसचं नाव राहू द्या.) तिच्या सुपरवायझर ताईंनी मात्र तिला स्कूटरवर घातलं, इंजेक्शन दिलं जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या आणि पुढच्या प्रत्येक डोसची तारीख स्वतःच्या डायरीत लिहून घेतली.

वर्षभरानं मुलीला एका खासगी दवाखान्यात जास्त पगार मिळत होता. गेली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, “सर, ताई आहेत ना.”

जूनमध्ये ताईंची बदली झाली. गणपतीच्या आत तिचा राजीनामा माझ्या टेबलावर होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, घरगुती.