पटवारी जिला सिवायचक म्हणतो, ती ओरण

मंडळी, सुरुवात एका शब्दापासून करतो. सिवायचक. राजस्थानच्या महसूल दप्तरात ज्या जमिनीला कुणी खातेदार नाही, जी कुणी कसत नाही, तिच्यापुढे पटवारी हा शब्द लिहितो. म्हणजे सरकारी, पडीक, कुणालाही देता येईल अशी. आपल्या सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ वाचून तिथे दगडधोंड्यांशिवाय काही नसणार असं आपण धरून चालतो, तसंच तिकडे होतं.

जैसलमेर जिल्ह्यातली देगराय मातेची ओरण मी पाहिली आहे. ओरण म्हणजे वाळवंटातली देवराई. हा शब्द ‘अरण्या’वरूनच आला असं सांगतात. आपली सह्याद्रीतली देवराई आत पाऊल टाकताच अंधारते. ओरणीत तसं काही होत नाही. लांबपर्यंत उघडा माळ, मध्ये मध्ये खेजडी, म्हणजे आपली शमी, मग केर, बोर, पिलूची झुडपं आणि सेवण नावाचं चिवट गवत. देगरायची ओरण सुमारे साठ हजार बिघ्यांची, असं गावं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. दप्तरात ओरण म्हणून नोंद आहे ती यातल्या एका भागाचीच. उरलेली सिवायचक.

तिथे कुऱ्हाड चालत नाही, नांगर लागत नाही. गुरं, मेंढ्या, उंट मात्र मोकळे चरतात. तळ्याच्या वरच्या अंगाला जी जमीन असते, जिच्यावरून पावसाचं पाणी वाहत तळ्यात येतं, तिला तिकडे आगोर म्हणतात आणि ती घाण होऊ नये म्हणून सगळा गाव डोळ्यांत तेल घालून असतो. जिथे वर्षाला दोनशे मिलिमीटर पाऊस झाला तरी चांगलं वर्ष म्हणायचं, तिथे आगोर गेला की तळं गेलं, आणि तळं गेलं की जनावरं गेली. उंटांचंच बघा. 2012 च्या पशुगणनेत राजस्थानात सव्वातीन लाखांच्या आसपास उंट होते, 2019 मध्ये ते दोन लाख तेरा हजारांवर आले. याला कारणं बरीच आहेत, पण उंट पाळणाऱ्याला विचारलंत तर तो पहिलं बोट चराईच्या जमिनीकडेच दाखवतो.

या ओरणींच्या आसपास आज सौर प्रकल्प आहेत, पवनचक्क्या आहेत, उच्च दाबाच्या तारा आहेत. मला सूर्याची वीज हवी आहे, हे स्पष्ट सांगतो. कोळसा जाळत राहणं आपल्याला परवडणार नाही. पण ती वीज कुठे उभी करायची हे ठरवताना नकाशावर जे रिकामं दिसतं तेच उचललं जातं, आणि ते रिकामं दिसतं कारण कुणीतरी तिथे सिवायचक लिहून ठेवलेलं असतं.

गोडावण, म्हणजे आपला माळढोक, याच पट्ट्यात उरला आहे. जगात दीडशेच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक इथेच. जड पक्षी, डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे उडताना समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि दिसली तरी एवढं अंग वळवणं त्याला जमत नाही. मादी बहुधा एका हंगामात एकच अंडं घालते. एक पक्षी गेला की ती जागा भरायला किती वर्षं लागत असतील याचा हिशेब तुम्हीच करा. सप्टेंबर 2020 मध्ये देगराय ओरणीजवळ तारेला धडकून एक गोडावण मेला. असे मृत्यू उजेडात आणण्यात तिथल्या गुराख्यांचा आणि तरुण स्वयंसेवकांचा वाटा फार मोठा आहे. मेलेल्या पक्ष्याचा फोटो काढायचा, जागा नोंदवायची, वनखात्याला कळवायचं. हे काम करायला कुणाचा पगार लागलेला नाही.

सोलापूरकरांना हे ऐकताना काही तरी आठवत असेल. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं, सुरुवातीला कागदावर 8,496 चौरस किलोमीटर होतं, पुढे ते बरंच कमी केलं गेलं. आज तिथे माळढोक दिसणं ही बातमी होते.

इथे एक नाव आदराने घेतो. पोकरणजवळच्या धोलियाचे राधेश्याम पेमाणी बिश्नोई. उन्हाळ्यात वन्यजीवांसाठी छोटे पाणवठे खोदायचे आणि टँकरने भरायचे, जखमी हरणं-पक्षी उचलून उपचारांना न्यायचे, गोडावणांच्या हालचालींवर नजर ठेवायची, रात्री शिकाऱ्यांच्या मागावर जायचं, हे त्यांचं आयुष्य होतं. मे 2025 मध्ये अशाच एका रात्री त्यांच्या गाडीला अपघात झाला. ते गेले, सोबतचे दोन साथीदार आणि एक वनरक्षकही गेले. राधेश्याम अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. 1730 मध्ये खेजडलीला झाडांना मिठ्या मारून 363 बिश्नोईंनी प्राण दिले, ती गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती अजून संपलेली नाही, एवढंच मी सांगेन.

लढाईचा दुसरा भाग दप्तरात आहे. अलवरकडे ‘कृपाविस’ संस्थेचे अमन सिंह यांनी ओरणींसाठी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. 18 डिसेंबर 2024 ला निकाल आला. आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई त्या खंडपीठावर होते. राजस्थान सरकारने प्रत्येक ओरणीचं जमिनीवर जाऊन आणि उपग्रहावरून मोजमाप करावं, तिला वन म्हणून नोंदवावं, असं न्यायालयाने सांगितलं. राज्यात अशा सुमारे पंचवीस हजार ओरणी, सहा लाख हेक्टर. गावांपुढे आता खरं कष्टाचं काम आहे. हद्द कुठून कुठे जाते हे म्हाताऱ्यांना ठाऊक, नकाशा तरुणांच्या मोबाइलमध्ये, आणि शिक्का तहसीलदाराकडे. या तिघांना एका बांधावर आणावं लागतं.

देगरायला आमच्यासोबत एक वयस्कर गुराखी चालत होते. ऊन चढलं होतं, वाटेत एक वाळकी फांदी पडलेली दिसली, म्हणून मी टेकायला काठी म्हणून उचलली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. हद्दीच्या दगडापाशी आलो तेव्हा त्यांनी हात पुढे केला. मी काठी दिली. ती त्यांनी आतल्या बाजूला, एका खेजडीच्या बुंध्याशी नीट टेकवून ठेवली आणि पुढे चालू लागले.