आठला का तठला?

नमस्कार मंडळी. आतून भरिताचा वास येतोय, तेव्हा लांबण लावत नाही.

मी जर्मन नागरिकत्वाचा अर्ज भरला त्या आठवड्यात अमळनेरहून वडिलांचा फोन आला. कापसाचा भाव झाला, पाऊस झाला, मग हळूच विचारलं, "भाऊ, मंग तू आते आठला का तठला?" म्हणजे, इथला की तिथला? मी म्हटलं, "नाना, वारशाने शेत मिळेल, सातबाऱ्यावर नाव लागेल. नवीन शेतजमीन मात्र घेता येणार नाही." ते म्हणाले, "मी ते नही इचारं."

27 जून 2024 पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्व खुलं केलं, तेव्हा आपल्याकडे काहींनी पेढे वाटले. जरा घाईच झाली. आपली गाठ आहे 1955 च्या आपल्याच कायद्याशी: स्वखुशीने दुसरीकडचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने व्हिसाची कटकट मिटते, मत मिळत नाही. भारतीय पासपोर्ट राखून असलेल्यांना 2011 पासून मत आहे, पण त्यासाठी गावच्या केंद्रावर जातीने हजर व्हावं लागतं. एका बटणासाठी फ्रँकफर्ट ते अमळनेर!

नागरिक कोण, याची चर्चा करणारा अॅरिस्टॉटल स्वतः अथेन्समध्ये उपराच होता, मताविना. अमेरिकन राजकीय विचारवंत मायकेल वॉल्झर म्हणतात, ज्यांच्या कष्टावर समाज चालतो आणि ज्यांना तिथले कायदे पाळावे लागतात, त्यांना कारभारात वाटा नाकारणं ही जुलमी सत्ताच. मी इथे कर भरतो, मुलगी इथल्या शाळेत जाते, पण परवापर्यंत नगरपालिकेलाही मला मत नव्हतं. जर्मनीतल्या काही राज्यांनी परदेशी रहिवाशांना ते देऊ केलं होतं. 1990 मध्ये इथल्या घटना न्यायालयाने ते रद्द केलं.

पण खरं सांगू? वॉल्झर मला पटले ते नंदुरबारमुळे. धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. ट्रकमध्ये पोरं, भांडी, कधी कोंबड्याही. यादीत नाव गावचं, घाम तिकडचा. जिथे राहतो तिथे नाव नोंदवता येतं म्हणे. पण उसाच्या फडाशेजारच्या पालाला पत्ता कुठला? लहानपणी एसटीच्या खिडकीतून ते ट्रक मी कितीदा पाहिले. ही माणसं कुठली, हे कधी विचारलं नाही.

परवा प्रमाणपत्र हातात आलं. नानांना फोटो पाठवला. तासाभराने उत्तर: "मंग तठे मत टाकजो. आन् दिवाळीले येशी ना?"