एस्टोनियातली 2 जास्तीची मतं

हा गोठा बघा. लांबलचक, पांढऱ्या विटांचा, छप्पर अर्धं खाली आलंय आणि गाई बांधायच्या तिथं आता बर्चची झाडं उगवलीयत. गव्हाणीच्या कडेला गंजलेली साखळी अजून लटकतेय. हा कोल्खोजचा गोठा, म्हणजे सोव्हिएत काळातली सामुदायिक शेती. 1991 ला एस्टोनिया सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला, कोल्खोज मोडले, 1940 ला सोव्हिएत सत्ता यायच्या आधी ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांच्या वारसांना ती परत द्यायची असं ठरलं. जमीन हातात आली, पण ट्रॅक्टर कुठून आणायचा? त्यात सरकारनं बाहेरच्या मालावर जकात जवळजवळ लावलीच नाही, म्हणजे परदेशी मालाशीही टक्कर.

या खेड्यातल्या लोकांसाठी 1994 मध्ये जो पक्ष निघाला तोच पुढं राहवालीत झाला, म्हणजे लोकसंघ. त्याचा चेहरा हे आर्नोल्ड रुटेल. सारेमा बेटावर जन्मलेले, शेतीशास्त्र शिकलेले, टार्टूच्या कृषी अकादमीचे माजी रेक्टर. सोव्हिएत राजवटीत मोठ्या पदावर होते म्हणून राजधानीत बरेच जण नाकं मुरडायचे.

आता हे फुटेज नीट बघा. 21 सप्टेंबर 2001, टॅलिनचा एस्टोनिया कॉन्सर्ट हॉल. राष्ट्राध्यक्ष निवडायला संसदेत 101 पैकी 68 मतं लागतात, ती ऑगस्टमध्ये कुणालाच मिळाली नाहीत, मग नियमाप्रमाणं मोठं निवडमंडळ बसलं, 367 जणांचं, आणि त्यातले 266 हे गावोगावच्या, शहरांच्या कौन्सिलांनी पाठवलेले. इथंच तर खरी गंमत आहे! संसदेत चिमूटभर असलेल्या पक्षाची माणसं कौन्सिलांमधे मात्र भरपूर होती. पहिल्या फेरीत चौघं उभे, दुसरीत दोघंच उरले, रुटेल आणि संसदेचे सभापती टूमास सावी. चिठ्ठ्या मोजल्या, सावींना 155, रुटेलना 186. लागत होती 184. सूट घातलेली ही सगळी खेड्यातली माणसं, त्यांचे चेहरे बघा फक्त.

2003 ला संसदेत पक्षाच्या 13 जागा आल्या. 2006 मध्ये रुटेल राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले, त्याच वर्षी जमीन अदलाबदलीच्या भ्रष्टाचार प्रकरणात पक्षाध्यक्षांना पर्यावरण मंत्रिपद सोडावं लागलं, 2011 ला मतं जेमतेम 2 टक्के, जागा शून्य. 2012 च्या मार्चमध्ये पोल्त्सामा गावात एका राष्ट्रवादी संघटनेबरोबर विलीन होऊन नवा पक्ष झाला, एकरे. 2019 ला त्याला 19 जागा मिळाल्या, भाषणं मात्र जास्त करून स्थलांतरितांवर.