टिक टिक कुठून येतेय?

ॲरिझोना म्हटलं की डोळ्यासमोर वाळवंटच येतं, पण हे फ्लॅगस्टाफ बघा, साधारण २१०० मीटर उंचीवर, पाइनच्या जंगलात वसलेलं, थंडीत बर्फ पडणारं गाव.

२००१ साली इथे १९ स्कंक (काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, घाण वासाचा फवारा मारणारा मांजराएवढा प्राणी) रेबीजचे निघाले. व्हायरस तपासला तर तो वटवाघळांचा! वटवाघूळ चावून एखादा प्राणी मरतो, ते अधूनमधून होतंच, पण इथे स्कंकमधले व्हायरस एकमेकांशी खूपच जुळत होते, लाळग्रंथींतही सापडले, म्हणजे आता स्कंकच स्कंकला देतोय अशी दाट शंका. आपल्याकडे रेबीज म्हणजे कुत्रं, त्यामुळे हे ऐकून खरंच धडकी भरते.

मग हे स्कंक रात्रभर जातात कुठे, भेटतात कोणाला, हे शोधणं आलं.

संध्याकाळी पिंजरा लावायचा, आत मांजराचं खाणं. सकाळी जायचं ते ताडपत्री पुढे धरून, अगदी हळूहळू, कारण स्कंक आधी पुढचे पाय आपटतो, मग शेपटी वर करतो, आणि तरीही तुम्ही थांबला नाहीत तर फवारा, तीन मीटरपर्यंत सहज. पिंजरा झाकला, अंधार झाला की तो शांत होतो. मग भूल, थोडं रक्त, कानाला बिल्ला, काहींच्या गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे टिक टिक असा संदेश पाठवणारा पट्टा, आणि रेबीजची लस. शुद्धीवर आला की पकडला तिथेच सोडायचा. मारून उपयोग नाही, एक गेला की त्याच्या जागी दुसरा येतो, तोही बिनलशीचा. खाण्यातून द्यायची लस कोल्ह्यांना, रॅकूनना (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला तिथला प्राणी) लागू पडते, स्कंकना तितकी नाही, म्हणून एकेकाला हाताने टोचायचं. केवढी चिकाटी लागते याला!

पुढच्या वेळी पिंजऱ्यात बिल्लेवाले किती, नवे किती, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात.

आणि कॉलरवाल्यांच्या मागे रात्री अँटेना घेऊन फिरायचं, टिक टिक कुठून जोरात येतेय ते ऐकत. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर माद्यांच्या शोधात लांबलांब भटकतात, तेव्हा तर धावपळच. पण खूपदा आवाज जंगलातून येतच नाही, घरांमधून येतो, लाकडी डेकच्या खालून, मागच्या दाराशी ठेवलेल्या मांजराच्या वाटीजवळून. त्याच वाटीवर थोड्या वेळाने रॅकून येतो, मग घरचं मांजर.

२००४ मध्ये हा व्हायरस इथल्या स्कंकमध्ये पुन्हा आला, २००९ पर्यंत राखाडी कोल्ह्यांतही पोचला. पिंजरे परत लागले, वाट्या मात्र तिथेच होत्या.