मशेरी लावणाऱ्या मायबहिणींसाठी

नमस्कार मायबहिणींनो, आणि घरात रेडिओ ऐकत बसलेल्या दादांनो, तुम्हीही ऐका.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. मशेरी मात्र घरच्या तव्यावरच भाजली जाते, म्हणून तिला कुणी व्यसनात धरत नाही. गोवंडी, मानखुर्द, धारावीत एखाद्या मावशीला विचारा, तंबाखू खाता का? ती म्हणेल, "छे गं, मी नुसती मशेरी लावते."

मावशी, ती तंबाखूच आहे. भाजल्याने तिचं विष जात नाही. बोटाने दातांना चोळली की निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरतं. मुंबईत बाराशेहून अधिक गरोदर बायांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं. आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळाला एवढा फरकही जड जातो. सुनेला दिवस गेले असतील, तर सासूबाई, तिच्यासोबत तुम्हीही डबी बाजूला ठेवा.

"मशेरी लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही," असं कितीतरी बाया सांगतात. खोटं नाही ते. निकोटिन आतड्यांना ढकलतं, आणि शरीराला त्याचीच सवय लागते. सोडल्यावर काही दिवस पोट जड राहतं, डोकं दुखतं, चिडचिड होते. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहायचं, वर कामावर वेळेत पोचायचं, म्हणून बाई पुन्हा डबी उघडते. तिच्यावर ओरडून काय होणार? उठल्याउठल्या कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, भाकरी ठेवा. तलफ आली तर काही मिनिटं दम धरा, ती ओसरते. आणि दादा, त्या दिवसांत पाण्याचा हंडा तुम्ही भरा.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, किंवा तोंड पूर्वीसारखं उघडेनासं झालं, तर दुखायची वाट पाहू नका. कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात तोंड दाखवा. गरज पडली तर ते पुढे पाठवतील.

सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ या नंबरवर फोन करा. पैसे पडत नाहीत. नंबर पुन्हा सांगते, लिहून घ्या: १८००-११-२३५६.