दोन जजांचं जमलं नाही तर?

नमस्कार मंडळी! न्यू जर्सीत एडिसन, जर्सी सिटी या भागात आपली इतकी मराठी माणसं राहतात, त्यात कुणाची घरमालकाशी कटकट, कुणाचा घटस्फोट, केस व्हायचीच, आणि हरलं की ठरलेलं वाक्य, 'सोडणार नाही, वर जाऊ!' पण वर म्हणजे कुठं? लगेच राज्याच्या सुप्रीम कोर्टात नाही बरं का. इथं मधे एक पायरी आहे, अपेलेट डिव्हिजन, म्हणजे अपिलं ऐकणारा विभाग. आणि गंमत अशी की ते वेगळं कोर्टच नाही, ज्या सुपीरियर कोर्टात तुम्ही हरलात त्याचाच तो एक विभाग!

जज पण तिथलेच. गव्हर्नर नेमतो, सिनेट मंजुरी देते, पहिली टर्म 7 वर्षांची, परत नेमलं की थेट सत्तरी गाठेपर्यंत. त्यातल्या कुणाला अपेलेटला बसवायचं हे राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे चीफ जस्टिस ठरवतात, आपल्याकडे मुंबईत हायकोर्टाचं रोस्टर, म्हणजे कुठल्या जजनं कुठल्या केसेस ऐकायच्या ते, चीफ जस्टिसच्या हातात असतं ना, साधारण तसंच. मला हे बरं वाटतं, कारण साक्षीदार कसे गडबडतात हे खालच्या कोर्टात बसून पाहिलेलं असतं या जजांनी. 1947 च्या राज्यघटनेच्या आधी इथं सगळ्यात वरच्या कोर्टात 16 जण बसायचे, आणि त्यातले काही तर वकीलसुद्धा नसायचे, बोला आता.

आता हे जज छोट्या छोट्या गटांत वाटलेले असतात, त्यांना 'पार्ट' म्हणतात, आणि केस ऐकायला दोन किंवा तीन जण बसतात. दोघंच असले आणि पटलं नाही तर तिसऱ्याला बोलावतात. पण खरी मजा पुढं आहे, तिघांतल्या एकानं जरी विरोधी मत लिहिलं ना, तर त्या मुद्द्यावर तुम्हाला सुप्रीम कोर्टात हक्कानं जाता येतं, नाहीतर बहुतेक वेळा परवानगी मागत बसायचं. म्हणजे हरलेल्या माणसाला तो एक नाराज जज म्हणजे लॉटरीच!

जजांच्या हाताखाली लॉ क्लार्क असतात, बरेचसे नुकतेच लॉ स्कूलमधून बाहेर पडलेले, ते कागद वाचून काढतात. कारण इथं नवा साक्षीदार नाही, नवा पुरावा नाही, खाली जे झालं त्याच्या कागदांवरच सगळा खेळ. अंतिम निकालापासून 45 दिवसांत अपील टाकायचं, आणि सुनावणीचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शब्दन्‌शब्द नोंद, मागवायचा तो साधारणपणे अपील करणाऱ्यानंच, स्वतःच्या खिशातून, तेव्हा 'वर जाऊ' म्हणायच्या आधी तेवढं वकिलाला विचारून घ्या.